कॉम्प्युटरचं दावं

नवा कॉम्प्युटर घ्यायला माझे पैसे पुरत नव्हते, म्हणून जुना विकायला काढला. नवे गेम टाकले की तो धापा टाकायचा. फोनवर लोक नुसतं "शेवटचं किती?" विचारून डोकं खायचे.

मग पालीहून एक काका स्वतःच आले. पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल. मुलासाठी घेताय का, असं विचारलं, तर म्हणाले, "पोराला कशाला? मलाच खेळायचंय. गाड्यांची रेस."

त्यांनी किंमत विचारलीच नाही. कॅबिनेटभोवती चक्कर मारली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चालवून दावा." मग एक तळहात कॅबिनेटवर ठेवून अर्धा तास रेस खेळले. तीनदा कठड्यावर आदळले आणि तिन्ही वेळा खदाखदा हसले.

"तापतंय, पण बसत न्हाई. लई गुणाचं हाय."

सौदा झाला. कॅबिनेट चादरीत बांधून झाल्यावर त्यांनी पॉवरची वायर माझ्या हातात परत दिली.

"काका, हिच्याशिवाय चालू कसं होणार?"

त्यांनी पिशवीतून नवी वायर काढून दाखवली. "मी माझी आणलीय. बैल इकला तरी त्याचं दावं आमी देत न्हाई. ते घरात राहिलं की दुसरा बैल येतोच."

ती वायर मी खिळ्याला अडकवली. दोन महिन्यांनी नवा कॉम्प्युटर आला. खोक्यात त्याची कोरी वायर होती. ती तशीच राहू दिली, खिळ्यावरची जुनी काढली आणि नव्याला त्याच जागी बांधलं.