काटा खोटा, पँट खरी

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. बरं, राहू दे. तुम्ही कबूल करणार नाही, आणि केलंत तरी पाळणार नाही. चहा घ्या, निवतोय. तर मूर्खपणा मी आयुष्यात बऱ्याचदा केला, पण एरवी तो आपल्या एकट्यापुरता असायचा. या खेपेला अख्खी बिल्डिंग सोबत घेतली.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही नुकतेच नेरूळला राहायला आलो होतो. नेरूळ म्हणजे तेव्हा नव्याकोऱ्या इमारती आणि मधे मोकळे प्लॉट. स्टेशन व्हायचं होतं. सकाळी बस पकडायची, खाडीपूल ओलांडून मुंबईत ऑफिस गाठायचं, आणि संध्याकाळी धूळ खात परत. पण शेजार असा होता की विचारू नका. एकाकडे फोन आला की तो सगळ्यांचा. एकाकडे फ्रिज आला की त्यात सगळ्यांचं दही.

अशा त्या बिल्डिंगमध्ये पहिला वजनकाटा आला तो माझ्या घरी. आणला माझ्या मेव्हण्याने. सुधीर, आमच्या सुलभाचा धाकटा भाऊ, मस्कतला नोकरीला होता. लोक तिकडून काय आणतात? टेपरेकॉर्डर आणतात, अत्तर आणतात, निदान एखादा साबण तरी आणतात. या पठ्ठ्याने काय आणावं? बाथरूममध्ये ठेवायचा गुलाबी रंगाचा वजनकाटा. आणि दिला कुठे? भर सासुरवाडीच्या मंडळींसमोर.

मग काय, सगळे एकेक करून त्यावर उभे राहिले. सासरे झाले, सासूबाई झाल्या, सुलभाही राहिली. ती तेव्हा चांगली अंगाने भरलेली, सुधीरने तिलाही चिडवून घेतलं. शेवटी मी उभा राहिलो. काटा असा काही धावत सुटला की सुधीरने खाली वाकून तो मोडला तर नाही ना, हे पाहिलं.

"भावोजी," तो म्हणाला, "पुढच्या सुट्टीत माझं लग्न आहे. तुमच्या लग्नात बाबांनी शिवून दिलेला सूट घालून या. बसला, तर मानलं तुम्हाला."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने सासरे हसले, आणि ते मला लागलं, कारण त्या सुटाचं कापड त्यांनी स्वतः पारखून आणलं होतं. मी तिथल्या तिथे शब्द दिला की येईन, सूट घालूनच येईन. आता जावयाने सासुरवाडीत शब्द दिला म्हणजे तो पाळण्यावाचून गत्यंतर आहे का?

दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. म्हणजे कसण्याइतकी सापडेना, पण प्रयत्न सुरू केला. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. सकाळी शेजारच्या शिरवणे गावापर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. वाटेतली कुत्री पहिल्या दिवशी भुंकली, पुढे त्यांना माझी दया येऊन ती सोबत चालू लागली. जेवायला उकडलेला दुधी. उकडलेला दुधी खाल्लाय कधी? नका खाऊ.

आणि रोज आंघोळीआधी काट्यावर उभं राहायचं. काटा ढिम्म. श्वास सोडून पाहिला, बनियन काढून पाहिलं, एका पायावर उभं राहून पाहिलं. मग वाटलं, मोरीच्या फरशीला उतार आहे, त्यामुळे हा घोळ होतोय. म्हणून काटा घरभर फिरवला. हॉलमध्ये तेवढंच, गॅलरीत तेवढंच, स्वयंपाकघराच्या दारात मात्र अर्धा किलो कमी. मग तो तिथेच कायमचा ठेवला, आणि सुलभा हातात कुकर घेऊन त्याच्यावरून उडी मारून ये-जा करू लागली.

पण तो अर्धा किलोही चार दिवसांत परत आला आणि माझा धीर सुटला. सकाळी काट्याने निराशा केली की दिवसभर माझं डोकं फिरलेलं. बसमध्ये कंडक्टरशी वाद, ऑफिसात साहेबांशी अबोला, घरी आलो की पोरीला सतराचा पाढा विचारून रडवायचं. शेवटी एका सकाळी काटा उचलला आणि माळ्यावर टाकायला निघालो. सुलभाला म्हटलं, तो सूटही बोहारणीला देऊन टाक, निदान एक पातेलं तरी येईल. सासऱ्यांसमोर मान खाली घालून उभं राहीन, झालं.

सुलभा मशीनवर पोरीचा फ्रॉक शिवत होती. तिने पाय थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "काट्याकडे काय बघता? वजन काय एका दिवसात उतरतं? कपडे बघा. मला तर तुमची पँट सैल वाटते."

मी पँट चाचपली. सैलबिल काही वाटली नाही. पण दोन दिवसांनी, काय सांगू, ऑफिसला निघताना पँट घातली तर कमरेशी बोट आत जात होतं! खरंखुरं बोट!

त्या दिवशी मी कंडक्टरला आपणहून सुट्टे दिले. साहेबांना नमस्कार केला. आणि एवढ्या तपश्चर्येनंतर माणसाने स्वतःचं थोडं कौतुक करायला नको? म्हणून ऑफिसखाली दोन बटाटेवडे खाल्ले. घरी आल्यावर दुधीचे दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं आणि पोरीच्या ताटातली बटाट्याची भाजी संपवली. पँट सैल होती, मग भीती कुणाची?

आठवड्याभरात पँट पुन्हा घट्ट वाटू लागली. मी सुलभाला म्हटलं, धुऊन आटली वाटतं. ती म्हणाली, असेल. आणि पुढच्या सोमवारी ती पुन्हा सैल! मी पुन्हा वडे खाल्ले. यावेळी सोबत भजी.

काटा मात्र आता उलटा चालला होता. मी होतो तिथून पुढे सरकत होता. पण मला आता त्याची पर्वा नव्हती. उपरा काटा, समुद्रावरून आलेला, आपली खारी हवा त्याला मानवली नसेल. तरी खात्री करावी म्हणून ऑफिसजवळच्या स्टेशनात ते दिवे लुकलुकणारं वजनाचं यंत्र असतं ना, त्याच्यावर उभा राहिलो. खडखडाट होऊन पुठ्ठ्याचं तिकीट पडलं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन घरच्या काट्यापेक्षाही जास्त होतं. पण मागे छापलं होतं, 'तुमच्या परिश्रमांस लवकरच फळ येईल.' मी ती बाजू वर ठेवून तिकीट पाकिटात घातलं.

आता एवढा साक्षात्कार झाल्यावर तो माणसाने स्वतःजवळच ठेवायचा का? समोरच्या ब्लॉकमध्ये तावडे राहायचे. कारखान्यात स्टोअरकीपर, पोट माझ्यापेक्षा दोन बोटं पुढे. तेही बिचारे आमच्याच काट्यावर वजन करून तोंड पाडून जायचे. त्यांना मी बसवून समजावलं. म्हटलं, "तावडे, काटा माणसाला खचवतो. त्याचं कामच ते आहे. तुम्ही पँट बघा. काटा खोटा, पँट खरी."

तावड्यांना ते फारच पटलं. पंधरा दिवसांत ते जिन्यात भेटले ते शर्ट वर करूनच. "करंदीकर, सैल झाली हो!" मग आम्ही दोघांनी मिळून ती आनंदाची बातमी भेळेने साजरी केली. बघता बघता बिल्डिंगमधले झाडून सगळे पोटवाले आमच्या पंथाला लागले. रविवारी सकाळी गच्चीवर मंडळी जमायची, मी थोडं बोलायचो, मग कुणीतरी गरम जिलबी आणायचं. सोसायटीच्या मीटिंगलाही कधी एवढी माणसं आली नव्हती.

अशात सुधीर सुट्टीवर आला. लग्न तोंडावर. आम्ही त्याला केळवणाला बोलावलं, सासू-सासऱ्यांनाही बोलावलं, आणि शेजारधर्म म्हणून तावडे आणि तावडेवहिनी. मी ठरवलं, लग्नापर्यंत थांबायचं कशाला? आजच सूट घालायचा. बसतो की नाही ते सासऱ्यांनी इथेच बघावं.

सुलभाला हे आदल्या दिवशी सांगितलं, तर तिचा चेहरा जरा उतरला. म्हणाली, लग्नातच घाला ना. मी म्हटलं, नाही, उद्याच. सकाळी मी आंघोळ करून आलो तर सूट इस्त्री करून पलंगावर तयार. घातला. अहो, बसला की! पँटचं बटण चक्क लागलं! कोट जरा दंडात आवळत होता, पण कोटाचं काय एवढं. आरशासमोर मला भरून आलं. सुलभाने मागून कोट नीट केला आणि म्हणाली, "एक ऐकाल? आज कोट काढू नका. कोटातच छान दिसता."

पुरणपोळीचं जेवण झालं. दुपारची वेळ, मी घामाने निथळत होतो, पण कोट काढला नाही. सुधीर पाटावर बसलेला, त्याचं औक्षण चाललेलं, आणि सासरे मात्र माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "जावईबापू, सूट बसला खरा. शाब्बास."

बस्स! तो एक शब्द ऐकायला मी किती महिने दुधीकडे बघत होतो! केळवण कोणाचं, हार कोणाच्या गळ्यात, मी सगळं विसरलो आणि उभा राहून भाषणच सुरू केलं. काट्याने खचू नये, आपल्यावर विश्वास ठेवावा, वगैरे. आणि सुलभा मानेने नको नको करत असताना मी कोट काढून खुर्चीवर टाकला.

"हे बघा," मी पँटच्या कमरेत अंगठा घालून पुढे ओढलं. "चार बोटं जागा आहे. आहे की नाही?" आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून सावकाश गिरकी घेतली.

सगळे डोळे विस्फारून बघू लागले. मला वाटलं, मंडळी भारावली. मग सुधीर म्हणाला, "भावोजी, हे पिवळ्या फुलांचं कापड मी कुठेतरी पाहिलंय." आणि त्याने खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग मी मान वळवून आधी पडदा पाहिला आणि नंतर, वळवता येईल तेवढी कंबर वळवून, माझी पाठ.

नेव्ही ब्लू पँटच्या मागच्या शिवणीत, कमरेपासून खाली, चांगली वीतभर रुंद पाचर बसवली होती. तपकिरी पडद्याची. पिवळ्या फुलांसकट.

सुलभा हळूच म्हणाली, "काय करणार? शिवणीतलं होतं नव्हतं ते सगळं कापड काल रात्री सोडलं, तरी पुरेना." मग सगळं बाहेर आलं. मी काटा माळ्यावर टाकायला निघालो होतो ना, त्या दिवशी तिला माझी कीव आली होती. म्हणून तिने माझी पँट बोटभर सैल केली, म्हणजे माझा हुरूप टिकेल. हुरूप टिकला, पण त्या हुरूपात मी वडे खाल्ले. पँट घट्ट झाली, तिने आणखी सोडली, मी आणखी खाल्लं. थांबायचं कुठे ते तिलाही कळेना.

एवढ्यात माझं लक्ष तावड्यांकडे गेलं. ते शर्टाखाली हात घालून आपल्या पँटची मागची शिवण गुपचूप चाचपत होते. आणि तावडेवहिनी पंख्याकडे बघत होत्या.

सासरे हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सुधीरने स्वयंपाकघराच्या दारातून काटा आणला आणि मला त्यावर उभं केलं. आकडा विचारू नका. सुधीरने मात्र तो दोनदा वाचून दाखवला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, बहिणीला म्हणाला, "ताई, तूही ये."

ती नको म्हणत होती, ताटं उचलायची आहेत म्हणत होती. पण त्याने हात धरून उभं केलंच. खाली वाकला, आकडा पाहिला, आणि त्याचं हसू थांबलं. "ताई, तू केवढी उतरलीस."

"उतरणारच," ती म्हणाली. "रोजचा दुधी उरायचा, तो टाकायचा का? मीच खात होते."

मी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. ब्लाउज दंडावर लोंबत होता, खांद्यापाशी सेफ्टी पिन लावून तो आवळून घेतलेला. बिल्डिंगभर सगळ्यांना कपडे बघा म्हणून सांगत फिरणारा मी! काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अगं, मग ब्लाउज आत का नाही घेतलास?"

"कधी घेणार?" ती ताटं गोळा करत म्हणाली. "तुमच्या पँटींतून मशीन रिकामं होत होतं का?"