सतरा ते अठरामधली रेषा

मंगळवार, २१ एप्रिल. सकाळी अकरा, शाळेसमोरच्या आंब्याखाली. हजर: गावाच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष, ज्यांना लहानथोर सगळे बाबा म्हणतात, समितीची सचिव (गावातली बारावी शिकलेली सून), वनरक्षक, झऱ्यापाशी राहणारी काकी, आणि मी. गैरहजर: समितीतले बाकीचे सगळे. कैऱ्या उतरवायचे दिवस. घराघरांत आमचुराच्या फोडी वाळत होत्या आणि बैठकीला यायला कोणाचे हात मोकळे नव्हते.

एवढं वहीत लिहून मी खाली रेघ मारली. काकी सभासद नव्हती, तिला कोणी बोलावलंही नव्हतं. ती येऊन समोर बसली, पदराच्या गाठीतून पळसाच्या पानाची पुडी काढली आणि माझ्या वहीवर ठेवली. पुडीत चुना होता.

काकी पावरी बोलते. सचिव मला मराठीत सांगत गेली.

"ती विचारते, हा कोणाचा? तिच्या झोपडीच्या आणि झऱ्याच्या मधून रेघ मारलीय याची. काल मारली."

वनरक्षक खाली बघून म्हणाला, "मी मारली. खात्याच्या रोपवनाची हद्द आहे. तारेचं कुंपण येणार. ताई, तुमच्याच नकाशावरून आखली."

मी नकाशा उघडला, कारण मला काहीतरी करायला हवं होतं. नकाशा मला पाठ होता.

गेली काही वर्षं मी तळोद्याला राहून हेच काम करते. गावानं पिढ्यानपिढ्या राखलेलं जंगल गावाच्या हक्कात नोंदवायचं, मग त्याचा आराखडा करायचा: चराई कुठे बंद ठेवायची, दगडी बांध कुठे घालायचे, पावसाचं पाणी कुठे मुरवायचं. नकाशाशिवाय आराखडा पुढे सरकत नाही. त्यासाठी गावाबरोबर हद्दीवरून पायी चालायचं. फोनमध्ये एक ॲप असतं, ते चाललेल्या वाटेची रेषा ओढत जातं. वळणावळणाला खुणेचा आकडा टाकायचा. शेवटची खूण पहिलीला मिळाली की गावाचं रान कागदावर येतं.

या गावाची हद्द आम्ही जानेवारीत चाललो होतो, दोन दिवस. निघताना माझ्या यादीत चार्जर, पॉवर बँक, पाण्याच्या बाटल्या, गूळ-शेंगदाणे, साक्षीदारांचे अंगठे घ्यायला शाईचं पॅड असं सगळं होतं. परतताना सगळ्यावर बरोबरच्या खुणा होत्या. बाबा पुढे, मी मागे, डोळे फोनच्या पडद्यावर. बाबा मधूनमधून थांबायचे, काठी उचलून दाखवायचे, "ते नाक दिसतं ना डोंगराचं, तिथपर्यंत आपलं." मी "हो, हो," म्हणायचे आणि आकडा टाकायचे.

सतराव्या खुणेनंतर आम्ही डोंगराची धार सोडून खाली उतरलो. काकीच्या शेताच्या वरच्या कडेनं गेलो, ओहोळ ओलांडला आणि पुन्हा धारेवर चढलो. तिथे अठरा. वाट अवघड असेल म्हणून वळसा घेतला असेल, असं मला वाटलं असावं. असावं म्हणते, कारण मी विचारलं नाही, आणि त्या दिवसाच्या पानावर त्याबद्दल एक अक्षर नाही.

पुढे घरी रेषा उपग्रहाच्या चित्रावर टाकून बघितली. तिथे गावाच्या हद्दीत एक खळगा दिसत होता, भाकरीच्या कडेचा घास तोडावा तसा. रेषेच्या बाहेर, त्या तोडलेल्या घासात, सगळ्या चित्रातला सर्वात गडद हिरवा ठिपका होता. उन्हाळ्यातल्या चित्रातही हिरवा. मी शेरा लिहिला: "लगतचे जंगल उत्तम स्थितीत." तो शेरा आजही आराखड्यात पान चारवर आहे.

"बाबा," मी नकाशा त्यांच्याकडे वळवला, "इथे आपण खाली का उतरलो होतो?"

बाबांनी नकाशाकडे बघितलंही नाही. "वाघदेव आहे तिथं."

"म्हणजे?"

"वाघदेवाचं रान. पूजेशिवाय कोणी आत जात नाही. लाकूड नाही, पान नाही, कुऱ्हाड नाही. आम्ही बाजूनंच जातो. माझा बाप बाजूनंच जायचा."

"पण ते गावाचंच आहे ना?"

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी खूपच लहान आहे. "गाव त्याचं आहे."

"मग त्या दिवशी सांगायचं ना!"

"काठी करून दाखवलं की. डोंगराच्या नाकापर्यंत आपलं, म्हणालो. तुम्ही हो म्हणालात." मग म्हणाले, "आम्हाला वाटलं तुमच्या यंत्राला डोळे आहेत. त्याला तर नुसते पाय निघाले."

सचिव हसली आणि लगेच हसू आवरलं. वनरक्षक हसला नाही. मीही नाही.

काकीला मधलं काही सांगावं लागलं नाही. तिला कळलं होतं. वाघदेवाच्या रानाच्या पायथ्याशी झरा आहे. मे महिन्यातही त्यात बोट बुडेल एवढं पाणी असतं. त्यावर तिचे कांद्याचे चार वाफे, दोन शेळ्या आणि तिचं स्वतःचं पिणं. नवरा गेल्यावर ती पाड्यातून उठून तिथे राहायला गेली, ती त्या पाण्यासाठीच. पाड्याच्या हातपंपावर यायचं तर तिच्या गुडघ्यांना उतार झेपत नाही. रेषा धारेवरून गेली असती तर झरा गावाचा, आणि आराखड्यात पहिला दगडी बांध त्याच्या खाली. रेषा खालून गेली म्हणून झरा कुंपणात.

आराखड्याच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत "माथा ते पायथा" लिहिलं होतं. ओहोळाचा माथाच मी बाहेर ठेवला होता.

त्या दिवशीची कामं मी तिथेच लिहून काढली. नकाशा दुरुस्तीचा अर्ज. वरच्या ऑफिसला भेट. दरम्यान कुंपण थांबवण्याबद्दल वनरक्षकाशी बोलणं. तिसरं काम लगेच झालं, म्हणजे अर्धं झालं. वनरक्षक म्हणाला, "थांबवायचा अधिकार मला नाही, ताई. कुंपणाचे खड्डे पावसाआधी झालेच पाहिजेत. पण मी खालच्या टोकापासून सुरू करतो. या टोकाला यायला जेवढे दिवस लागतील तेवढे तुमचे." आणि काकीला त्यानं मोडक्यातोडक्या पावरीत काहीतरी सांगितलं. काकीनं त्याला उत्तर दिलं. सचिवनं मला ते सांगितलं नाही; मी विचारल्यावर म्हणाली, "ती म्हणाली, तुझी आई असती तर तिला पण मध्ये रेघ मारून दिली असतीस का."

तळोद्याला परतताना जीपवाल्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय ताई, आज यादी संपनी का नहीं?" मी म्हटलं, आज वाढली. "मंग जाऊ द्या, उद्या करी टाका," तो म्हणाला, आणि गाडीत टोपल्यांच्या मध्ये मला जागा करून दिली.

वरच्या ऑफिसातल्या नकाशाच्या टेबलावरचे गृहस्थ सभ्य होते. मी चूक माझी आहे हे आधीच सांगितलं, त्यामुळे त्यांना रागावता आलं नाही. त्यांनी चित्रावर गडद हिरवा ठिपका मोठा करून बघितला. "हे जर गावानं राखलेलं असेल तर गावाच्या नावावर यायलाच हवं," म्हणाले. मी म्हटलं, मग इथे पेन्सिलीनं रेषा बाहेर काढू या, खाली मी सही करते, अध्यक्ष करतील.

"पेन्सिलीनं नाही चालणार. उद्या दुसरं गाव येईल आणि पेन्सिलीनं अख्खा डोंगर आत घेईल. तुम्हीच हा नियम मागितला होतात ना, चाललेली वाट हाच पुरावा?"

मागितला होता. तीन वर्षांपूर्वी एका बैठकीत उभी राहून मीच मागितला होता, कारण त्या वेळी ऑफिसात बसून ओढलेल्या रेषांनी आमची दोन गावं अर्धी झाली होती. त्या बैठकीचं टिपणही माझ्याच अक्षरात आहे.

तर आता उपाय एकच: सतरा ते अठरा पुन्हा चालायचं, वनरक्षकासह, आणि यावेळी धारेवरून. धार वाघदेवाच्या रानातून जाते. बाहेरच्या अंगानं जावं तर कडा. तिथून शेळीसुद्धा जात नाही.

शुक्रवारी पुन्हा वर गावात गेले. यावेळी बैठक काकीच्या अंगणात झाली, कारण बाबा जागा बघायला आले होते. चुन्याची रेघ कोंबड्यांनी विस्कटली होती, पण सरळ होती. मी बाबांना विचारलं, एकदा, फक्त एकदा, अर्धा तास, आत जाऊन येता येईल का. फोन तुम्ही धरा. मी इथेच थांबते.

"येईल की. पूजेच्या दिवशी."

"कधी?"

"पाऊस पडेल, रान हिरवं होईल, मग गाव बसेल आणि दिवस ठरवेल."

"तोपर्यंत कुंपण होईल, बाबा."

काकी कैऱ्या चिरत होती. सुरी न थांबवता ती म्हणाली, आणि हे सचिवनं शब्दशः सांगितलं, "वाघाला विचार, त्याला पाणी लागतं की नाही."

"लागतं," बाबा म्हणाले. "म्हणून तर तो तिथं राहतो."

"मग त्याला म्हणावं, यंदा कुंपणावरून उडी मारून ये. मला येत नाही."

बाबा हसले, पण तोंड फिरवून. मग बराच वेळ रानाकडे बघत बसले. झाडं खरोखर दाट होती. भोवतीचा सगळा डोंगर करडा आणि तेवढंच हिरवं. ते रान तसं का राहिलं हे मला माहीत होतं. कोणीही सोयीसाठी एकदा, फक्त एकदा, अर्धा तास आत गेलं नव्हतं, म्हणून. आणि मी नेमकं तेच मागत होते. बाबांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं, आणि ते हो म्हणाले असते तर मला बरं वाटलं नसतं. दोन्ही गोष्टी त्या दुपारी माझ्यात होत्या. कुठली मोठी होती ते अजून सांगता येत नाही.

शेवटी बाबा म्हणाले, "गावाला विचारतो. पूजा आधी घेता येते का. माझ्या आठवणीत कधी घेतलेली नाही." आणि उठताना, "तुमच्या हातून चुकलं, आमच्या तोंडून राहिलं. तिचं पाणी का जावं?"

त्यानंतर गाव दोनदा बसलं. पहिल्यांदा निम्मी माणसं कैऱ्यांमुळे आली नाहीत. दुसऱ्यांदा आली, तर म्हाताऱ्यांपैकी दोघांनी नाही म्हटलं आणि तिसऱ्यानं विचार करायला वेळ मागितला. वनरक्षकाचे खड्डे खालच्या टोकापासून अर्ध्या उतारापर्यंत आले आहेत. तो रोज थोडे कमी खणतो असं सचिव फोनवर सांगते. तारेची बंडलं शाळेच्या व्हरांड्यात येऊन पडली आहेत. काकी सकाळ-संध्याकाळ पाणी भरते आणि येताना-जाताना चुन्याची रेघ पायानं पुसते. कोणीतरी ती पुन्हा मारतं.

माझ्या वहीत प्रत्येक कामापुढे तीन रकाने असतात: काम, कोण, कधी. इतक्या वर्षांत तिसरा रकाना मी कधी रिकामा सोडलेला नाही. तारीख ठरत नसेल तर अंदाजे टाकते. काल काकीनं सचिवच्या फोनवरून तेवढंच विचारलं, कधी.

सतरा ते अठरा, धारेवरून चालणे. बाबा, वनरक्षक. कधी: