न्हाणीघरावरची विजार

ही शेवटची मुलगी, असं ठरवून बापाने तिचं नाव मलसून, म्हणजे 'शेवटची', ठेवलं. तिच्यामागे आणखी तीन मुली झाल्या. पुरुषांनी ठरवलेल्या गोष्टींवर मलसूनचा भरवसा तेव्हापासून नव्हता.

आता सत्तरी उलटली होती. लसणाच्या शेतात वाकून खांदा आखडला होता. नवरा गेल्यापासून पाठ चोळणारं कुणी नव्हतं. गावात सरकारी न्हाणीघर झालं, आणि कढत पाण्यात बसल्यावर कितीतरी वर्षांनी तिला खांदा आपला वाटला.

हौद एकच. सरपंच प्योंगहोने कर्ण्यावरून सांगितलं, "विषम तारखेला पुरुष, सम तारखेला बायका." पुरुषांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. म्हाताऱ्या बायका श्राद्धापासून लोणच्यापर्यंत सगळं चंद्रावर मोजत; त्यांनी तिथी धरली. महिनाभर दोन्ही जुळलं. अमावास्या उलटली आणि घोळ झाला.

मलसून बायकांना घेऊन आत शिरली, तर हौदात तिचे धाकटे दीर तोकचिल.

"वहिनी! आज तेरा तारीख आहे!"

"आज षष्ठी, भाऊजी. उठा."

"असा कसा उठू?"

"मग बसा. आम्हाला काय नवीन दिसणार आहे?"

तोकचिलनी त्याच दिवशी सरपंचाला न्हाणीघराला कुलूप ठोकायला लावलं. "समोर पूर्वजांची थडगी, आणि ही शोभा!"

"पूर्वज काय पारोसे मेले?" बायका म्हणाल्या, आणि समाजमंदिरात रोज सगळ्या गावासाठी दुपारचा स्वयंपाक करणं त्यांनी बंद केलं. पुरुष पाकिटातल्या शेवया खाऊ लागले. मलसूनचा खांदा पुन्हा आखडला, केसही विंचरता येईनात.

शेवटी तिने शेतात घालायची आपली फुलाफुलांची विजार बांबूला बांधली आणि न्हाणीघराच्या दारावर उभी केली.

"विजार वर, तर बायका. खाली, तर पुरुष. रोज आलटून पालटून. हिच्याखालून कोण बाप्या आत जातो, बघते."

"काकू, सरकारी इमारत आहे! साहेब आले तर?" प्योंगहो म्हणाला.

"बाई असली तर आत पाठव. बुवा असला तर म्हणावं, उद्या या."

प्योंगहोने तोकचिलकडे पाहिलं. शेवयांनी त्यांचं पोट बिघडलं होतं.

"धुतलेली आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग उघड बाबा कुलूप."

पहिल्या दिवशी विजारच वर होती. तोकचिलची बायको मलसूनची पाठ चोळत होती.

"जाऊबाई, हे बाहेर उभे आहेत. विचारतायत, आज जरा लवकर उतरवाल का? गुडघे धरलेत त्यांचे."

मलसूनने डोळे मिटले.

"सांग, पाठ व्हायचीय अजून. जोर लाव गं."