राक्षसाचा चालू वर्तमानकाळ

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत माझ्या मोठ्या भावाने राक्षसाचं पहिलं वाक्य म्हटलं. कागदावर होतं, ‘मी तुला खात आहे.’ तो म्हणाला, ‘मी तुले खाऊन राहिलो.’

राक्षस एका परदेशी विज्ञानमालिकेतला होता. मालिका जुनी, मध्ये बरीच वर्षं बंद असलेली. नव्या नटांना घेऊन ती पुन्हा सुरू झाली आणि या वेळी तिचं मराठी डबिंग होत होतं. बाकीचे भाग गंभीर होते, सातवा विनोदी होता. त्यात ओली गादी उभी करून ठेवल्यासारखा एक करडा प्राणी, म्हणजे हा राक्षस, एका अंतराळवीराला पायांकडून खायला लागतो. तो फार सावकाश खातो. खाणं भागभर चालतं. तेवढ्या वेळात दोघांची ओळख होते, घरच्यांची चौकशी होते आणि शेवटी प्राणी अंतराळवीराला बाहेर काढून ठेवतो.

भाऊ अठ्ठावन्न वर्षांचा आहे. सव्वीस वर्षं त्याने रेडिओवर प्रादेशिक बातम्या वाचल्या. मग स्वरयंत्राची शस्त्रक्रिया झाली. आवाज खाली उतरला आणि खरखरीत झाला. यापेक्षा सुधारणा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बातम्या दुसऱ्याकडे गेल्या. त्यानंतर चौदा महिने त्याला कुणीही मायक्रोफोनसमोर बोलावलं नव्हतं. ‘या गळ्यानं आता कुत्रे हाकलता येतात फक्त,’ असं तो म्हणायचा. राक्षसासाठी स्टुडिओला खरखरीत आवाज हवा होता. एका जुन्या सहकाऱ्याने त्याचं नाव सुचवलं.

दिग्दर्शिका पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की हा प्रसंग जमला तर राक्षस तुमचा. नाहीतर दुपारसाठी इथे पुण्यात दुसरे एक जण थांबलेले आहेत.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. भाषेत चूक झाली तर सांगायला म्हणून त्याने मला सोबत नेलं होतं. काचेच्या अलीकडे, ध्वनिमुद्रकाच्या शेजारी मी बसले होते. वाक्य ऐकलं तेव्हा मला त्यात चूक जाणवली नाही. ती दिग्दर्शिकांना जाणवली.

‘सर, खाऊन राहिलो म्हणजे? खाऊन झालं?’

‘सॉरी मॅडम. खाऊन नाही झालं. खाऊन राहिलो.’

‘तेच म्हणतेय मी. आधी खाल्लं, मग राहिलात. पण तो अंतराळवीर तर अजून बोलतोय!’

‘बोलणारच ना मॅडम. अर्धा बाहेर आहे तो.’

‘मग कुठे राहिलात तुम्ही?’

भावाने माझ्याकडे पाहिलं. ध्वनिमुद्रक इथल्याच, नागपूरजवळच्या कन्हानचा होता. त्याने बटण दाबून पुण्याला कळवलं, ‘मॅडम, खाणं चालू आहे.’

ही चूक घरात तयार झाली होती. आठवडाभर भाऊ जेवणाच्या टेबलाशी उभा राहून सराव करत होता. सव्वीस वर्षांत मायक्रोफोनवर त्याच्या तोंडून एकदाही ‘तुले’ गेलं नव्हतं, त्यामुळे राक्षसही तो बातम्यांसारखाच वाचत होता. वहिनी भाजी निवडत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, ‘काहो, हा राक्षस त्याले खाऊन राहिला का संत्र्याचे भाव सांगून राहिला?’

‘मग कसं बोलू?’

‘भूक लागल्यावर मले कसं बोलता? तसं बोला.’

तेव्हापासून तो घरच्या भाषेत सराव करू लागला. स्टुडिओत कागद पाहून प्रमाण भाषेत वाचायचं, असं त्याने ठरवलं होतं. पडद्यावर प्राण्याने तोंड उघडलं आणि घरचंच वाक्य बाहेर पडलं.

दुसऱ्यांदा त्याने कागदावरचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. उच्चार स्वच्छ होते. वाक्य संपल्यावर प्राण्याचं तोंड आणखी दोनदा उघडलं. ध्वनिमुद्रकाने मोजून सांगितलं, की तोंड आठदा उघडतं आणि वाक्य सहात संपतं. दिग्दर्शिकांनी ‘मी आता तुला खात आहे’ असं करून पाहिलं. संख्या जुळली, पण शेवटी प्राण्याचे ओठ गोल होत होते आणि वाक्य ‘हे’वर संपत होतं. मग ‘खातो’ची सूचना आली. भाऊ म्हणाला, ‘मॅडम, खातो म्हटलं तर अजून सुरू व्हायचंय असं वाटेल. त्याचे दोन्ही पाय आत गेले आहेत.’

यात पंचवीस मिनिटं गेली. दिग्दर्शिकांनी पहिलं मुद्रण पुन्हा लावायला सांगितलं. ‘खाऊन राहिलो’ आठात बसत होतं आणि शेवटच्या ‘लो’वर ओठ गोल होत होते. पुण्याच्या बाजूला कुणीतरी हसलेलं ऐकू आलं.

‘सर, राक्षस सगळाच असा बोलू शकेल का?’

भाऊ लगेच हो म्हणाला नाही. पाच मिनिटांचा वेळ मागून तो मला घेऊन बाहेर जिन्यात आला.

‘काय वं, लोक काय म्हणतीन? इतके वर्ष बातम्या वाचल्या अन् आता गावंढळ बोलून राहिला म्हणतीन.’

मी म्हटलं, ‘काम पाहिजे का नाही, ते सांग.’

‘पाहिजे ना.’

त्याने तिथूनच वहिनीला फोन लावला आणि अडचण सांगितली. ती म्हणाली, ‘राक्षस काय पुण्यात शिकला होता का? बोला चुपचाप.’

तो आत गेला. सव्वाचारपर्यंत राक्षसाची सगळी वाक्यं झाली. पुण्यात थांबलेल्या गृहस्थांना जायला सांगितल्याचं दिग्दर्शिकांनी कळवलं.

दहा दिवसांनी मालिका दाखवणाऱ्या कंपनीच्या तपासणी विभागाकडून एक आक्षेप आला: ‘काळाची चूक. पात्राला खाल्ल्याचा उल्लेख आहे. पुढील दृश्यात पात्र जिवंत दिसते.’ आक्षेप निकाली निघेपर्यंत भावाचा आवाज भागात कायम होणार नव्हता. स्टुडिओने लेखी खुलासा मागितला. तो मी लिहिला: ‘खाऊन राहिलो हा नागपूर भागातील चालू वर्तमानकाळ आहे. खाण्याची क्रिया अपूर्ण आहे. पात्र जिवंत असणे बरोबर आहे.’ उत्तर एका शब्दाचं आलं: ‘मान्य.’

भाग मार्चमध्ये दिसू लागला. आवाज भावाचाच आहे. पडद्यावर खाली येणाऱ्या अक्षरांत ते वाक्य ‘मी तुला खाल्लं आणि थांबलो’ असं उमटतं. ते बदलण्यासाठी मी दोनदा लिहिलं आहे.

मे महिन्यात स्टुडिओने भावाला पुन्हा बोलावलं. अकराव्या भागात तो अवकाशयानाच्या दाराचा आवाज आहे. दाराला चार वाक्यं आहेत. त्यांचं मुद्रण मागच्या शुक्रवारी पूर्ण झालं.