साडूभाऊंची खिडकी

माणसाच्या तोंडावर काडीचाही विश्वास नाही आणि गाईच्या पोटावर मात्र डोळे मिटून विश्वास, असा माणूस साऱ्या रायपुरात एकच होता आणि तो नेमका माझा साडू निघावा, याचा धक्का मला माझ्याच लग्नात बसला. पंगतीत पहिला घास गिळला तोच शेजारून हे थोरले जावई म्हणाले, "अकरा वेळाच चावलं तुम्ही. गाय असता तर पोट बिघडलं असतं." ते जनावरांच्या आहाराचे शास्त्रज्ञ. अभनपूरच्या रस्त्यावर सरकारी फार्म होता. तिथं नुसता पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, खाणारी गाय दूध कशी वाढवेल, या काळजीत त्यांचं आयुष्य चाललं होतं. सरकीच्या ढेपेचं पोतं आलं की चिमूटभर आधी स्वतः चाखणार. आमच्या वास्तुशांतीला लोकांनी घड्याळं आणली, यांनी जनावरांनी चाटायची मिठाची वीट आणली. गाय नाही तर नाही, वीट खराब होत नाही म्हणाले. ती अजून आमच्या दाराला अडसर म्हणून आहे.

पण खरा हादरा दिला तो सात नंबरने. ही त्यांची लाडकी गाय. एकदा मला फार्मवर नेऊन त्यांनी बाही वर केली, गाईच्या डाव्या कुशीतलं रबराचं बूच काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पचन तपासायला मुद्दाम पाडलेल्या त्या भोकाला ते खिडकी म्हणत. त्यांनी आतून एक लहानशी पिशवी काढली. काल तिच्यात पैरा भरून ठेवला होता, आज किती पचला ते पाहायचं होतं. गाय निवांत रवंथ करत होती, तिनं मानसुद्धा वळवली नाही. मला म्हणाले, हात घालून पाहा, आत छान ऊब आहे.

ही गोष्ट शहरातल्या गुढियारी भागात राहणाऱ्या सासऱ्यांच्या कानावर गेली. रेल्वेतून रिटायर झालेला कडक माणूस. गोमातेच्या पोटात जाणाऱ्या हाताचं पाणीसुद्धा घेणार नाही म्हणाले आणि मरेपर्यंत घेतलं नाही. साडूभाऊ चारदा साबण लावून पंगतीला बसत, सासरे आपलं ताट उचलून आत जात. साडूभाऊ हसून घास चावत राहत. या माणसाला काही लागतच नाही, असं मला वाटे.

सासऱ्यांचं पहिलं श्राद्ध आलं. शहर नुकतंच राजधानी झालेलं. कुणा बड्या माणसाची गाडी जायची म्हणून रस्त्यावरची सगळी गुरं आदल्याच दिवशी उचलून नेली होती. गोग्रासाशिवाय कुणी जेवणार नाही आणि गाय तर औषधालाही नाही. सासूबाई पान घेऊन अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, हिंडल्या. शेवटी साडूभाऊच म्हणाले, फार्मवर चला. मी चाटच पडलो, कारण तिथं बाहेरची केळ्याची सालसुद्धा चालत नसे.

सात नंबरने पान हुंगलं आणि तोंड फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. सासूबाईंनी पान मागे घेतलं. "काहून खाऊन नाही राहिली ही? त्यायचा राग अजून गेला नाही," त्या म्हणाल्या. राग कुणावर, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

साडूभाऊंनी हात धुतले, पान घेतलं. "आई, हिचं तोंड नाही म्हणून राहिलं. पोट नाही म्हणत नाही." आणि बूच काढून वडा, भात, खीर सगळं त्यांनी थेट आत ठेवलं.

बायकोनं डोळे झाकून घेतले. मी गोठ्याचा खांब धरला. सासूबाई ताठ उभ्या. कितीतरी वेळानं गाईच्या गळ्यातून एक गोळा वर आला आणि ती संथपणे चावायला लागली.

"पोचलं," सासूबाई म्हणाल्या. घरी आल्यावर पहिलं ताट त्यांनी साडूभाऊंना वाढलं आणि त्यांच्याच हातून पाणी मागून घेतलं. त्या दिवशीच्या फार्मच्या वहीत मी नंतर वाचलं: नमुना घेतला नाही. कारण, सासरे.

यंदा सासूबाईंचं श्राद्ध होतं. सात नंबर केव्हाच गेली, साडूभाऊ रिटायर झाले. कोपऱ्यावरच्या गाईनं एका घासात पान साफ केलं. आम्ही निघालो, ते मात्र तिच्या डाव्या कुशीवर तळवा ठेवून उभेच.

"तोंडानं तर घेतलं," ते म्हणाले. "पण आईपर्यंत पोचलं काय, कसं समजावं? हिला खिडकी नाही न."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा तोच हात धरला आणि त्यांना जेवायला घरात आणलं.