नालेतली वात

घोडागाडीच्या शर्यतीत सगळा खेळ खुराखाली असतो, हे कडेला उभं राहून शिट्ट्या मारणाऱ्यांना काय कळणार! आमच्याकडची शर्यत सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर. वर सुकं, निसरडं गवत, खाली जांभा दगड, आणि वळण नेमकं उतारावर. नुसत्या नालेवर घोडा तिथे गाडीसकट आडवा होतो. म्हणून नालेला आटे पाडलेली भोकं ठेवतात आणि शर्यतीच्या सकाळी त्यांत लोखंडी स्टड पिळून बसवतात. आम्ही त्यांना बोल्टच म्हणतो. शर्यत संपली की लगेच काढायचे, नाहीतर कडक जमिनीवर पाय दुखावतो.

एरवी ती भोकं उघडी राहिली तर वाळू जाऊन आटे बुजतात. म्हणून त्यांत खोबरेल तेलात भिजवलेला कापूस कोंबायचा. पहिल्यांदा मी देवघरातल्या वातीच उचलल्या, तर बायको कडाडली, "देवाचे वाती घोड्याच्या पायात? लाज आसा काय तुमका?" आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः मांडीवर जाड वाती वळायला बसली, खास घोड्यासाठी. पत्र्याचा डबा भरून ठेवला. अशी ती.

मागचा डावा पाय घोडा तिच्याशिवाय कोणाला देत नसे. ती डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून खळ्यात, म्हणजे अंगणात यायची, झाकण उघडायची, "पाय दी रे माझ्या सोन्या" म्हणायची, की हा मुकाट पाय उचलायचा. ती खूर मांडीवर धरायची, मी पाना फिरवायचो. दोघांचं काम ते.

यंदा पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तेव्हापासून घर खायला उठतं. एकट्यापुरती पेज करणं मला अजून जमत नाही, उरलेली घोड्याच्या बादलीत जाते. बोलायलाही तोच.

मुलगा गोव्यात नोकरीला. त्याचा फोन आला की एकच पालुपद, "बाबा, तुमच्यान आता होवचा नाय. किनाऱ्यावर सवारी देतत त्यांका घोडो ईकून टाका." एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "यंदा घोडो धावलो नाय, तर ने तू त्याका!" बोलून बसलो आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तोही गेला तर मी हाक कोणाला मारणार?

शर्यतीच्या आदल्या दिवशी नालबंदाने नाल ठोकली तेव्हा मागच्या डाव्या पायाला दोरखंड बांधावा लागला होता. घोडा घामाने निथळला. शर्यतीच्या सकाळी तसं केलं तर तो पळणार काय, कपाळ!

त्या सकाळी तीन पायांचे बोल्ट बसले. चौथ्याला हात लावला आणि लाथ आली. पाना उडून विहिरीपाशी पडला. पुन्हा गेलो, पुन्हा लाथ. गोंजारलं, गूळ दिला, शेवटी आईबहिणीवर आलो. सड्यावरून ढोलाचा आवाज येत होता. मी पायरीवर बसलो. संपलं म्हटलं. बसवलेले बोल्ट काढून भोकं तरी बुजवावीत, म्हणून आतून तिचा डबा आणला. ती गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. झाकण गच्च बसलेलं. जोर केला तसं टण्णकन उघडलं.

घोड्याने मागचा डावा पाय उचलला. आपणहून. आणि मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला.

"येवची नाय रे ती," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. म्हातारा माणूस खळ्यात उभा राहून पोरासारखा रडला. तरी त्याने पाय खाली ठेवला नाही. मी डोळे पुसले, खूर माझ्याच मांडीवर घेतला आणि पाना फिरवला.

धावला तो. वळणावर पुढची गाडी घसरली, आमचे पाय रोवून राहिले. दुसरे आलो. मुलाला फोन केला, "धावलो." तो म्हणाला, "बरां झालां. ऱ्हवांदे त्याका."

घरी येऊन बोल्ट काढले, भोकांत तिच्या वाती भरल्या. आता त्या वातीही संपल्यात. बाजारचा कापूस आणतो, पण ठेवतो त्याच डब्यात. झाकण वाजलं की घोडा पाय उचलतो आणि दाराकडे बघतो. खोटं कशाला सांगू, मीही बघतो.