नारंगी बोटीचा पंचनामा

आमच्या घाटंजीत सूर्य पूर्वेलाच उगवतो, यावर अजूनही विश्वास न बसलेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या ताईचा नवरा. दुधात पाणी आहे का, असं भाऊजी गवळ्याला कधीच विचारत नाहीत. पाण्यात दूध किती टाकलं, असंच विचारतात. त्यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात, शेतांचे धुरे म्हणजे बांध मोजण्यात गेली. धुरा रातोरात हात-दोन हात सरकतो हे ज्यानं जन्मभर पाहिलं, त्यानं माणसांवर भरवसा ठेवावा तरी कसा? डॉक्टरांनी काचबिंदू सांगून डोळ्यांत टाकायला थेंब दिले, तर "त्याचं अन् औषधवाल्याचं साटंलोटं असन" म्हणून बाटली फडताळात गेली.

निवृत्तीनंतर त्यांनी रिमोटवर चालणारी हातभर लांबीची बोट घडवली. लाकूड घासण्यापासून मोटर बसवण्यापर्यंत सगळं स्वतः, कारण सुताराचा काय नेम! आणि कोणाची नजर पडून ती चोरीला जाऊ नये म्हणून तिला शेवाळासारखा हिरवा रंग दिला. चोराला दिसू नये पण मालकाला दिसावा, असा रंग अजून निघायचा आहे, बाप्पा! पहिल्याच दिवशी बोट गावच्या तलावातल्या शेवाळात गडप. दोन दिवसांनी एका मासे धरणाऱ्यानं ती आपणहून घरी आणून दिली, तर भाऊजी माझ्या कानाशी लागले, "परत काहून आणली यानं? आतलं काही काढून घेतलं असन." सगळे स्क्रू उघडून पाहिल्यावरच त्या बिचाऱ्याला चहा मिळाला, तोही थंडगार.

आता लांबून दिसणारा रंग हवा झाला. रंगाच्या दुकानदारानं नारंगी सुचवला. "त्याच्याकडं नारंगी पडून असन," म्हणत भाऊजींनी खात्याच्या रीतीनं चक्क रंगांचा पंचनामा मांडला. डब्यांची पाच झाकणं पाच रंगांत रंगवून तलावाच्या पाळीच्या पार टोकाला काड्यांवर रोवली, टेपनं अंतर मोजलं. पंच दोन, मी आणि ताई. संगनमत नको म्हणून आम्हाला वेगवेगळ्या झाडांखाली उभं केलं. दोघांनीही कागदावर लिहिलं, नारंगी. भाऊजींनी कागद वाचले, पाळीकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि भडकले. "खोटे पंच! तिथं झाकणंच दिसत नाहीत, तर रंग काय दिसन? बहीणभाऊ मिळून मले उल्लू बनवून राह्यले!"

पाचही झाकणं उन्हात ढळढळीत दिसत होती. "अहो, तुमचे डोळे..." एवढंच ताई म्हणाली. भाऊजी तरातरा टोकापर्यंत चालत गेले, एकेक झाकण हातानं चाचपून आले आणि फडताळातली बाटली घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता ते घड्याळ लावून थेंब टाकतात.

बोट नारंगीच रंगवली. परवा रविवारी सोडली. थोडी पुढे जाताच भाऊजींचा अंगठा रिमोटवर थबकला.

"साळेबुवा, कुठी हाये ते आता?"

"झुडपाकडं चालली भाऊजी, डावीकडं घ्या."

त्यांनी तत्काळ घेतली. नक्की का, असं विचारलं नाही. कशावरून, हेही विचारलं नाही. इतक्या वर्षांत या माणसानं माझं एक वाक्य धड मानलं नव्हतं. त्या दिवशी मानलं, आणि देवाशपथ सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही.